गाणारे अँड्रॉइड, पळून आलेली व्हायोलिनवादक आणि कापलेली नाचगाणी: विज्ञानकथांतल्या क्विअर-ट्रान्स बंडाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विज्ञानकथा वाचणारे विचारतात की यात गाणी कशाला. गाणी ऐकणारे विचारतात की यात यंत्रमानव कशाला. दोन्हीकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरांमध्ये माझी आवडनिवड उघड दिसेल. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत आटोपली आहेत. बऱ्याच कथानकांचे शेवट यात आले आहेत, ते आधी कळलेलं चालत नसेल तर जपून वाचा.

हा विषय नेमका काय आहे?

भविष्यातली शहरं, परग्रह, समुद्राचा तळ, नरकाशी केलेला करार, अशा आपल्या नसलेल्या जगात घडणाऱ्या कथा. त्यात क्विअर (प्रेम किंवा लिंगभाव रूढ चौकटीत न बसणारी) किंवा ट्रान्स (जन्मावेळी ठरवलेल्या लिंगाहून वेगळी ओळख असलेली) पात्रं आहेत, त्यांना दाबणारी एखादी सत्ता आहे, आणि त्या सत्तेला ती पात्रं गाऊन, वाजवून किंवा नाचून तोंड देतात. कथा म्हणजे फक्त पुस्तक असं धरू नका. या विषयातल्या काही सर्वांत चांगल्या कथा अल्बममध्ये आहेत.

पण गाणंच का? भाषण, पत्रक, बंदूक का नाही?

सत्ता माणसाकडून काय काय काढून घेऊ शकते याची यादी करून बघा. नाव बदलता येतं, कागदपत्रं जाळता येतात, घरातून हाकलता येतं, आणि विज्ञानकथेत तर बटण दाबून आठवणीही पुसता येतात. चाल मात्र शब्द विसरले तरी ओठांवर येते. ती डोक्यात असते त्याहून जास्त घशात आणि बोटांत असते.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. गाण्याला शरीर लागतं. ट्रान्स माणसाला लहानपणापासून ऐकवलं जातं की तुझं शरीर एक सांगतं आणि तू भलतंच सांगतोस. समलिंगी माणसाला सांगतात की तुझ्या शरीराला जे हवं ते घाण आहे. अशा माणसाने त्याच शरीरातून, त्याच श्वासातून असा सूर काढायचा की समोरचा ऐकतच राहील, यात वादविवादाला जागाच उरत नाही. ऐकणाऱ्याचा पाय ठेका धरतो तेव्हा तो परवानगी मागत नाही. राज्यकर्त्यांना नेमकी हीच गोष्ट धोक्याची वाटते.

सुरुवात कुठून करू?

वेळ कमी असेल तर अमेरिकन गायिका जनेल मोनेचा ‘डर्टी कॉम्प्युटर’ बघा. 27 एप्रिल 2018 ला अल्बम आला आणि त्याच्यासोबत साधारण 48 मिनिटांचा चित्रपट. त्या चित्रपटाला तिने ‘इमोशन पिक्चर’ म्हटलं. एका बैठकीत बघून होतो. निवांत वाचायचं असेल तर र्‍याका आओकी यांची ‘लाइट फ्रॉम अनकॉमन स्टार्स’ ही 2021 ची कादंबरी घ्या. दोन्हींबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

जनेल मोनेचं ते अँड्रॉइडचं विश्व जरा उलगडून सांगाल?

सांगतो, पण त्यासाठी 2007 पर्यंत मागे जावं लागेल.

मोने मूळची कॅन्सस सिटीची, कामाला लागली अटलांटात. 2007 मध्ये तिने ‘मेट्रोपोलिस’ नावाने गाण्यांचा पहिला संच काढला. नाव फ्रिट्झ लांगच्या 1927 च्या जर्मन मूकपटावरून घेतलेलं. नायिका सिंडी मेवेदर, अँड्रॉइड (माणसासारखा दिसणारा यंत्रमानव) क्रमांक 57821. तिचा गुन्हा एवढाच की ती एका माणसाच्या प्रेमात पडते. त्या शहरात याची शिक्षा म्हणजे यंत्राचे सुटे भाग करणं. म्हणून ती पळते आणि पळता पळता गाते. 2010 च्या ‘द आर्कअँड्रॉइड’मध्ये हीच सिंडी दडपलेल्यांची तारणहार ठरते आणि 2013 च्या ‘द इलेक्ट्रिक लेडी’मध्ये कथा आणखी पुढे सरकते. मोने त्या काळात कायम काळ्यापांढऱ्या कपड्यांत असायची. आई सफाई कामगार, सावत्र वडील टपाल खात्यात, वडील कचरा उचलण्याच्या कामावर. गणवेश घालून राबणाऱ्या आपल्या माणसांचा मान म्हणून मीही गणवेश घालते, असं ती सांगायची.

आता गंमत बघा. या सगळ्या वर्षांत पत्रकार तिला सतत विचारत होते, तू नेमकं कोणावर प्रेम करतेस? तिचं ठरलेलं उत्तर असायचं की मी फक्त अँड्रॉइडनाच भेटते. लोक हसायचे, प्रश्न टळायचा. विज्ञानकथा ही तिची ढाल होती, आणि ढालीआडून ती खरं तेच सांगत होती: ज्याच्यावर प्रेम केल्याबद्दल शिक्षा होते त्याच्यावर मी प्रेम करते. एप्रिल 2018 मध्ये, अल्बमच्या तोंडावर, तिने रोलिंग स्टोन मासिकाच्या मुलाखतीत आपण क्विअर असल्याचं उघड सांगितलं. 2022 मध्ये आपण नॉन-बायनरी (फक्त स्त्री किंवा फक्त पुरुष या कप्प्यांत न बसणारी) असल्याचंही सांगितलं.

‘डर्टी कॉम्प्युटर’मध्ये ढाल खाली ठेवलेली दिसते. नायिका यंत्र नाही, जेन नावाची माणूस आहे. क्रमांक मात्र तोच, 57821. या राज्यात जो वेगळा दिसतो किंवा सांगितल्याप्रमाणे जगायला नकार देतो त्याला ‘घाणेरडा संगणक’ ठरवून उचलतात आणि ‘स्वच्छ’ करतात. जेनला टेबलावर आडवं केलंय, ‘नेव्हरमाइंड’ नावाचा वायू सोडला जातोय, आणि दोन तंत्रज्ञ पडद्यावर तिच्या आठवणी बघून एकेक पुसत चालले आहेत. प्रत्येक आठवण म्हणजे एक गाणं. आपण जे बघतोय ते त्या दोघांनाही दिसतंय, आणि आपल्या डोळ्यांदेखत ते नाहीसं होतंय. संगीतचित्रफितींची माळ ओवून केलेला चित्रपट एरवी सैल पडतो. इथे प्रत्येक गाण्याच्या शेवटी काहीतरी कायमचं जातं, म्हणून तो घट्ट राहतो.

एका जागी तंत्रज्ञ गोंधळतो. समोर दिसतंय ती आठवण आहे की स्वप्न, हे त्याला ठरवता येत नाही. वरून हुकूम येतो तो पुसून टाकण्याचाच. मला पूर्ण चित्रपटातला हा क्षण सर्वांत धारदार वाटतो. सत्तेला फक्त झालेलं पुसायचं नसतं, होऊ शकलं असतं तेही पुसायचं असतं.

त्यात जेनचं प्रेम कोणावर आहे?

दोघांवर: झेन (टेसा थॉम्प्सन) आणि शे (जेसन आरन). झेनची ‘स्वच्छता’ आधीच झालेली आहे. तिला नवं नाव दिलंय आणि जेनला शुद्ध करण्याच्या कामावर तिलाच नेमलंय. शेवटी श्रेयनामावली सुरू झाली की लोक उठतात. उठू नका. खरा शेवट त्यानंतर आहे.

‘डर्टी कॉम्प्युटर’मधल्या ‘पिंक’ गाण्यातल्या त्या गुलाबी विजारींवरून इतका गाजावाजा का झाला?

कारण त्या उघड उघड योनीच्या आकाराच्या आहेत आणि मोने त्या घालून वाळवंटात नाचते. पण लक्षपूर्वक बघितलं तर सगळ्या नर्तकींनी त्या घातलेल्या नाहीत. स्त्री असण्यासाठी तो अवयव असलाच पाहिजे असं मी मानत नाही, असं मोनेने त्यामागचं कारण स्पष्ट सांगितलं होतं. ट्रान्स स्त्रियांना त्या नाचात जागा आहे, हे एका कपड्याच्या असण्या-नसण्यातून सांगितलंय. इतकं नेमकं राजकारण पानभर जाहीरनाम्यातही सापडत नाही.

हा धागा 2022 च्या ‘द मेमरी लायब्रेरियन’ या कथासंग्रहात पुढे जातो. मोनेने तो वेगवेगळ्या सहलेखकांबरोबर लिहिला. त्यातल्या डॅनी लोरसोबतच्या कथेत जेन आणि झेन ‘पिंक हॉटेल’मध्ये आसऱ्याला आहेत. तिथे धोका फक्त बाहेरून येत नाही. आपल्यात कोणाला घ्यायचं, ‘खरी’ बाई कोण, हा वाद आतच पेटतो आणि नॉन-बायनरी पात्राकडे संशयाने बघितलं जातं. आश्रयस्थानंही दारावर पहारेकरी उभे करतात, हे मान्य करायला धैर्य लागतं. तरी एक सांगतो, पुस्तक वाचताना मला गाण्यांची उणीव जाणवत राहिली. मोनेचं जग कागदावर जरा जास्त समजावून सांगितलेलं वाटतं. अल्बममध्ये ते न सांगता कळतं.

हे सगळं प्रेमाबद्दल झालं. ट्रान्स व्यक्तीच्या जगण्याबद्दल काय?

इथे आओकींची कादंबरी. लेखिका स्वतः ट्रान्स, जपानी-अमेरिकन. स्थळ लॉस एंजेलिसच्या पूर्वेकडची सॅन गॅब्रिएल व्हॅली, जिथे आशियाई कुटुंबांची मोठी वस्ती आहे आणि पुस्तकात पानोपानी खाणं आहे. (रिकाम्या पोटी वाचू नका.)

कत्रिना न्गुयेन ही ट्रान्स मुलगी मारझोडीच्या घरातून पळून येते. सोबत व्हायोलिन. शिझुका सातोमी ही दंतकथा बनलेली व्हायोलिनशिक्षिका. तिने नरकाशी करार केलाय की सात जीव द्यायचे, नाहीतर स्वतःचा जीव जाणार. सहा शिष्यांचे दिलेत, सातवा बाकी आहे. आणि तिसरीकडे लान त्रान, आकाशगंगेतल्या युद्धातून कुटुंबासह पळून आलेली यानाची कप्तान, जी आता डोनटचं दुकान चालवते. मला कोणी नुसतं एवढं सांगितलं असतं तर मी पुस्तक हातात घेतलं नसतं.

ते जमतं याचं कारण आओकींनी संगीत गांभीर्याने घेतलंय. वाद्य दुरुस्त करणारी लुसी माटिया कत्रिनाच्या स्वस्तातल्या व्हायोलिनवर हात फिरवते तेव्हा लाकूड, वार्निश, जोड, कशामुळे आवाज कोंडतो, हे सगळं येतं. तालीम येते, बोटं दुखणं येतं. कत्रिना शिकली ती स्वतःची स्वतः, व्हिडिओ गेममधलं संगीत वाजवून. त्यामुळे शास्त्रीय मंडळींच्या नजरेत ती दोनदा बाहेरची: शरीराने आणि संगीतानेही. शिझुका मात्र तिच्या वादनातली ताकद ऐकते आणि तिच्या स्त्री असण्याबद्दल चकार शब्द न काढता ते गृहीत धरून चालते. कत्रिनासाठी हे कुठल्याही वरदानाहून मोठं आहे, आणि वाचकालाही ते भाषणाविना पोचतं.

दुसरी गोष्ट: या कादंबरीत सैतान आहे, परग्रहवासी आहेत, पण खरी भीती दुकानातल्या बाईच्या नजरेची, इंटरनेटवरच्या शिव्यांची, पैशांसाठी कराव्या लागणाऱ्या कामाची आहे. अद्भुत गोष्टी हलक्या आणि रोजच्या गोष्टी जड, असं वजन आओकींनी मुद्दाम ठेवलंय.

शेवटी ती काय वाजवते?

बार्टोकचा एकल व्हायोलिनसाठीचा सोनाटा. हंगेरियन संगीतकार बेला बार्टोकने तो 1944 मध्ये अमेरिकेत, मायदेशापासून दूर आणि आजारी असताना, व्हायोलिनवादक येहुदी मेन्युइनसाठी लिहिला. त्याच वर्षी मेन्युइनने तो न्यूयॉर्कला वाजवला आणि पुढच्या वर्षी बार्टोक गेला. साथीला पियानो नाही, वाद्यवृंद नाही. चारच तारांवर सगळा भार. घरातून पळून आलेल्या मुलीच्या हातात निर्वासिताने लिहिलेली रचना देणं ही लेखिकेची निवड मला फार आवडते. वाचायच्या आधी ऐकली तर उत्तमच.

या पुस्तकाला 2021 चा अदरवाइज पुरस्कार मिळाला. लिंगभावाचा शोध घेणाऱ्या विज्ञानकथांना तो दिला जातो. त्या वर्षी तो रिव्हर्स सॉलोमन यांच्या एका कादंबरीसोबत विभागून होता. सॉलोमन यांचं नाव पुढे पुन्हा येईल.

डेव्हिड बोवीला या यादीत धरायचं का? तो तर नंतर पलटला.

धरायचं. 6 जुलै 1972 ला बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या गाण्यांच्या कार्यक्रमात ब्रिटिश रॉक गायक बोवी केशरी केस आणि रंगीबेरंगी घट्ट कपड्यांत ‘स्टारमॅन’ गायला आणि गाता गाता त्याने गिटारवादक मिक रॉन्सनच्या गळ्यात हात टाकला. बस, एवढंच. पण इंग्लंडमध्ये दोन प्रौढ पुरुषांच्या खासगी संबंधांना गुन्ह्याच्या यादीतून काढून अवघी पाच वर्षं झाली होती, आणि हे दृश्य घराघरांत आईवडिलांशेजारी बसलेल्या पोरांनी पाहिलं. अनेक कलाकारांनी पुढे सांगितलंय की त्या तीन-चार मिनिटांनी आपलं आयुष्य वळवलं. बोवी तेव्हा झिगी स्टारडस्ट नावाचं पात्र बनून गायचा, आणि झिगी हा परग्रहाशी नातं सांगणारा गायक असल्यामुळे बोवीला हे करता आलं. तो हात माणसाचा नव्हता, दुसऱ्या जगातून आलेल्याचा होता, अशी पळवाट त्याने ठेवली होती.

त्याच वर्षी जानेवारीत त्याने आपण समलिंगी असल्याचं मुलाखतीत सांगितलं होतं आणि पुढे 1980 च्या दशकात ते मागे घेतलं. बऱ्याच जणांना तो विश्वासघात वाटला, आणि तो राग समजण्यासारखा आहे. पण बघणाऱ्या पोराला त्या संध्याकाळी जे मिळालं ते परत घेण्याचा अधिकार बोवीकडेही नव्हता.

संगीत कायम बंडखोरांच्याच बाजूने असतं का?

नाही, आणि हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. स्टॅन्ली क्युब्रिकच्या ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ या चित्रपटात (1971) सरकार एका हिंसक तरुणाला ‘सुधारतं’. डोळे उघडे बांधून त्याला भयानक दृश्यं दाखवतात, आणि पार्श्वभूमीला बेथोव्हनची नववी सिंफनी. परिणाम असा की त्याला त्याचं सर्वांत आवडतं संगीत ऐकलं की मळमळतं. ‘डर्टी कॉम्प्युटर’मधल्या सफाईचीच ही जुनी जात. तिथे आठवण पुसतात, इथे तिला विष लावतात.

आणि ते संगीत सिंथेसायझरवर कोणी बांधलं? वेंडी कार्लोस यांनी. 1968 मध्ये मूग सिंथेसायझरवर बाखच्या रचना वाजवून त्यांनी या वाद्याला प्रतिष्ठा मिळवून दिली. त्या अल्बमला तीन ग्रॅमी मिळाले. कार्लोस ट्रान्स स्त्री आहेत, आणि त्या काळात त्यांना हे लपवावं लागत होतं. चारचौघांत जायची वेळ आली की खोटे कल्ले चिकटवून पुरुषाचं सोंग घ्यायचं. 1979 मध्ये त्यांनी एका मुलाखतीत जगाला खरं सांगितलं. नंतर त्या म्हणाल्या की लोक आश्चर्य वाटावं इतके सहनशील, किंवा बेफिकीर, निघाले. एवढ्या सोंगाची गरजच नव्हती.

म्हणजे माणसाला जबरदस्तीने ‘सरळ’ करण्याच्या पडद्यावरच्या सर्वांत प्रसिद्ध दृश्यामागे जे संगीत वाजतं ते रोज स्वतःला दडवून जगणाऱ्या बाईने बनवलेलं आहे. हे कळल्यापासून मला तो प्रसंग आधीसारखा बघता येत नाही. कार्लोस यांना स्वतःला मात्र आपल्या कामापेक्षा आपल्या शरीराचीच चर्चा जास्त झालेली खपत नाही, तेव्हा त्यांचं ‘ट्रॉन’ चित्रपटाचं (1982) संगीत नुसतं संगीत म्हणूनही ऐका.

लहान मुलांना दाखवण्यासारखं काही?

‘स्टीव्हन युनिव्हर्स’. रेबेका शुगर यांची 2013 मध्ये कार्टून नेटवर्कवर सुरू झालेली मालिका. परग्रहावरून आलेली ‘रत्नं’ नाच करता करता एकमेकींत मिसळून नवी व्यक्ती बनू शकतात. त्यांच्या मूळ ग्रहावर एकाच जातीच्या रत्नांना लढाईसाठी मिसळण्याची मुभा आहे. दोन वेगळ्या रत्नांनी प्रेमातून मिसळणं हा गुन्हा. मार्च 2015 च्या एका भागात कळतं की आपली धीरगंभीर गार्नेट ही मुळात रूबी आणि सफायर या दोघींच्या प्रेमातून बनलेली आहे, आणि हे ती शत्रूशी मारामारी करत असताना गाण्यातून सांगते. माझ्यातून प्रेम काढून टाकलंस तर मीच उरत नाही, असा तिचा दावा. गाण्याला आवाज एस्टेल या ब्रिटिश गायिकेचा.

सात-आठ वर्षांच्या मुलांना हे कळतं का? कळतं. मोठ्यांनाच समजावून सांगावं लागतं.

हे खरंच कोणाला खुपलं का, असं विचाराल तर ब्रिटनमध्ये प्रसारण करताना दोन स्त्रीरूपी पात्रांच्या नाचाचा भाग कापला गेला, आणि 2017 मध्ये केनियाच्या चित्रपट परिनिरीक्षण मंडळाने इतर काही कार्टूनांबरोबर या मालिकेवर बंदी घातली. 2018 मध्ये मालिकेत रूबी आणि सफायरचं लग्नही झालं.

एका गाण्यावरून आख्खी कादंबरी लिहिली गेली म्हणतात, ती कोणती?

रिव्हर्स सॉलोमन यांची ‘द डीप’ (2019). ही तीन टप्प्यांची कानगोष्ट आहे. डेट्रॉइटमध्ये ड्रेक्सिया नावाचं टेक्नो (इलेक्ट्रॉनिक यंत्रांवरचं नाचाचं) संगीत करणारी जोडगोळी होती, जेम्स स्टिन्सन आणि जेराल्ड डोनाल्ड. गुलामांच्या जहाजांवरून समुद्रात फेकलेल्या गरोदर आफ्रिकन स्त्रियांची बाळं पाण्यात श्वास घेत जगली असतील तर, ही कल्पना त्यांनी मांडली. संगीताला शब्द जवळजवळ नाहीतच. कथा अल्बमच्या वेष्टनावरच्या मजकुरात. 2017 मध्ये क्लिपिंग या रॅप गटाने त्यावर शब्दांसह गाणं केलं, आणि ते गाणं विज्ञानकथांच्या ह्यूगो पुरस्काराच्या अंतिम यादीत पोचलं. त्यावरून सॉलोमन यांनी कादंबरी लिहिली.

कादंबरीतल्या समुद्रवासीयांनी आपला भयंकर भूतकाळ विसरायचं ठरवलंय. तो सगळा येतू नावाच्या एकटीने डोक्यात वागवायचा आणि वर्षातून एकदा सगळ्यांना आठवण करून द्यायची. मोनेच्या जगात आठवण पुसली जाते म्हणून माणूस मोडतो. इथे सगळी आठवण एकीवर लादली म्हणून ती मोडते. या लोकांची शरीरं स्त्री-पुरुष अशा कप्प्यांत बसत नाहीत आणि त्याचं त्यांना काहीच वाटत नाही. जमिनीवरच्या एका स्त्रीवर येतूचा जीव जडतो तेव्हाच हा विषय बोलण्यात येतो. 2020 मध्ये याला क्विअर-ट्रान्स साहित्यासाठीचा लॅम्डा पुरस्कार मिळाला.

महासाथीच्या आधीच टाळेबंदीवर लिहिलेली संगीताची कादंबरी?

सारा पिन्स्कर यांची ‘अ साँग फॉर अ न्यू डे’, सप्टेंबर 2019. बॉम्बस्फोट आणि साथीनंतर जमावावर कायमची बंदी आलीय, मैफली फक्त एका कंपनीच्या आभासी मंचावर होतात. कर्मठ ज्यू घरातून पळालेली क्विअर गायिका लूस तळघरात चोरून कार्यक्रम करते. कंपनीसाठी नवे कलाकार हुडकणारी रोझमेरी तिच्यापर्यंत पोचते, आणि रोझमेरी ज्या ज्या जागा शोधते त्यांवर छापे पडतात. पिन्स्कर स्वतः रंगमंचावर गाणाऱ्या आहेत, ते ध्वनिवर्धकाच्या खरखरीपासून घामाच्या वासापर्यंत जाणवतं. 2020 च्या मे महिन्यात याला विज्ञानकथांचा नेब्युला पुरस्कार मिळाला तेव्हा सोहळाही ऑनलाइनच होता.

अंतराळातल्या युरोव्हिजनवर कादंबरी आहे ती वाचावी का?

कॅथरीन व्हॅलेंटे यांची ‘स्पेस ऑपेरा’, 2018. पृथ्वीने गाण्याच्या स्पर्धेत शेवटचा नंबर काढला तर मानवजात संपवणार. भाषा चमचमती आणि थकवणारी. युरोव्हिजन, म्हणजे युरोपातल्या देशांची दरवर्षीची गाण्याची स्पर्धा, माहीत असेल तर मजा येईल. त्या स्पर्धेत 1998 मध्ये डाना इंटरनॅशनल ही ट्रान्स गायिका आणि 2014 मध्ये दाढीवाली कोंचिता वुर्स्ट जिंकल्या होत्या, म्हणजे कल्पनेला फार ताण द्यावा लागला नसणार. पुढे 2024 मध्ये नॉन-बायनरी निमोही जिंकले.

हे सगळं प्रचारकी होत नाही का?

कधीकधी होतं. शेवटच्या प्रकरणात कोणीतरी गातं, खलनायकाचे डोळे पाणावतात आणि राज्य कोसळतं, असल्या कथा मी अर्ध्यावर सोडतो. माझी कसोटी साधी आहे: संगीताच्या जागी भाषण ठेवलं तर कथा तशीच चालेल का? चालत असेल तर लेखकाला संगीत नकोच होतं. कत्रिनाच्या हातून व्हायोलिन काढून घ्या, कादंबरी उरत नाही. जेनच्या आठवणींमधून गाणी काढा, पुसायला काही राहत नाही.

आपल्याकडे असं काही नाही का? बालगंधर्व?

बालगंधर्वांना इथे आणायचा मोह सगळ्यांनाच होतो. मी आणणार नाही. बायकांना रंगभूमीवर येऊ न देणाऱ्या समाजाने पुरुषांकडून स्त्रीपात्रं करवून घेतली आणि त्यांचं कौतुक केलं. ते गाणं अलौकिक होतं, पण ती समाजमान्य चौकट होती.

जोगत्यांचं गाणं या विषयाच्या जास्त जवळचं आहे. सौंदत्तीच्या यल्लमाला वाहिलेले, साडी नेसून परडी घेऊन चौंडक्यावर गाणारे जोगते कोल्हापूर-सांगली भागात अनेकांनी पाहिले असतील. कर्नाटकातल्या मंजम्मा जोगती या ट्रान्स कलाकार याच परंपरेतून पुढे आल्या, तिथल्या जानपद (लोककला) अकादमीच्या अध्यक्ष झाल्या आणि त्यांना 2021 चा पद्मश्री मिळाला. मात्र हे कल्पित नव्हे, जगणं आहे. त्यात देवीचा धाक आहे, सक्ती आहे, दारिद्र्य आहे. त्याला ‘आपली विज्ञानकथा’ म्हणून मिरवू नये. एखाद्या मराठी लेखकाने चौंडकं घेतलेला जोगता पुढच्या शतकात नेऊन उभा केला तर मी ती कथा पहिल्या दिवशी विकत घेईन.

इंग्रजी गाण्यांचे शब्द पटापट कळत नाहीत. काय करू?

पहिल्यांदा शब्दांच्या मागे लागूच नका. दुसऱ्यांदा ऐकताना शब्द समोर उघडून ठेवा. रॅपच्या बाबतीत हे इंग्रजी मातृभाषा असलेलेही करतात.

‘द डीप’ छापील वाचावी की ऑडिओबुक ऐकावं?

ऑडिओबुक. ते डवीड डिग्ज यांनी वाचलंय, आणि डिग्ज म्हणजे क्लिपिंग गटाचे तेच रॅपर ज्यांच्या गाण्यावरून कादंबरी झाली. आधी ते पाच-सहा मिनिटांचं मूळ गाणं ऐका आणि लगेच पुस्तक सुरू करा. गाण्यात जो आवाज श्वास न घेता सुटतो, तोच पुस्तकात किती सावकाश चालतो ते तुम्हाला पहिल्या पानातच कळेल.